शेततळ्याचं पाणी निवळेना? तुरटीचं पोतं उघडण्याआधी या चुका टाळा

मृगाचा पहिला दणका बसला की दुसऱ्या दिवशी शेततळं दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. काठावर उभं राहून आपण कपाळाला हात लावतो, तेवढ्यात शेजारून कुणीतरी सांगतं, "तुरटी टाक की दोन पोती." मीही टाकली होती. चार दिवस पाणी आरशासारखं राहिलं आणि आठव्या दिवशी पुन्हा चहा. तुरटीचा काही दोष नव्हता. पाणी गढूळ कशानं होतंय हे मी बघितलंच नव्हतं.

बाटली न भरता उपाय सुरू करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि टाळायला खर्च शून्य. रिकामी पारदर्शक बाटली घ्या, तळ्याच्या मधलं पाणी भरा, झाकण लावून खिडकीत ठेवा आणि विसरून जा. घरात कुणी हलवणार नाही एवढं मात्र बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं पाणी निवळून तळाला गाळाचा थर बसला असेल, तर माती जड आहे, तिला बसायचंच आहे. तुमच्या तळ्यात कुणीतरी तिला बसू देत नाहीये. आठवडा झाला तरी बाटली तशीच मातकट दिसली, तर माती अतिशय बारीक आहे. चिकणमातीच्या या कणांवर सारखाच ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत राहतात आणि एकत्र येऊन खाली बसत नाहीत. चोपण जमिनीत, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीत, खोदलेल्या तळ्यांचं हे नेहमीचं दुखणं. तुरटी किंवा जिप्सम लागतं ते इथे.

आणि बाटलीतलं पाणी हिरवट दिसलं तर? मग ती माती नाहीच, ते प्लवंग आहे, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. कटला आणि रोहू या माशांचं फुकटचं खाद्य. ते मारायला निघू नका.

ढवळणारा तळ्यातच आहे, हे न ओळखणं

माझ्या तळ्यात ढवळणारा होता सायप्रिनस. हा मासा तळाच्या चिखलात तोंड खुपसून अन्न शोधतो. वारा नसलेल्या सकाळी काठावर शांत बसा. स्वच्छ पाण्यात मधेच खालून धुराच्या लोटासारखी माती वर येताना दिसली की समजायचं, खाली साहेबांची न्याहारी चालू आहे. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) स्वस्त मिळाली म्हणून मी तो प्रमाणाबाहेर सोडला होता. मृगळही तळाशीच चरतो, पण इतकी खोदाखोद करत नाही. कटला, रोहू, मृगळ 3:4:3 हे जुनं प्रमाण धरलं आणि सायप्रिनस जाळ्यानं काढून कमी केला, तेव्हा पाणी आपोआप निवळायला लागलं.

दुसरा ढवळणारा म्हणजे म्हशी. त्यावर जास्त काय लिहायचं, कुंपण घाला.

तिसरं कारण बाहेरून येतं. भरावाच्या उघड्या मातीवर पावसाचा थेंब आपटतो आणि प्रत्येक सरीबरोबर किलो-किलोनं माती आत येते. भरावावर हराळी लावा, ती पकडली की पाऊस माती नेत नाही. पाणी ज्या चारीनं तळ्यात येतं, तिच्या तोंडाशी एक खड्डा घ्या, म्हणजे पाणी क्षणभर थांबून जड गाळ तिथेच टाकेल. खड्डा पावसाळ्यात मधेमधे उपसावा लागतो. न उपसलेला खड्डा असून नसल्यासारखा.

लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली

तुरटीचा हिशेब इथे चुकतो. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं. पटकन गुणाकार केला की 2,700 घनमीटर येतात. पण तळ्याच्या बाजू सरळ भिंतीसारख्या नसतात. उतार एकास एक धरला तर तळ 24 बाय 24 उरतो आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यात पाणी असतं 2,196 घनमीटर. उन्हाळ्यात पाणी 2 मीटरवर आलं की उरतात जेमतेम 1,355.

आता घनमीटरला 30 ग्रॅम तुरटी लागते असं समजा. चुकीच्या हिशेबानं 81 किलो, आणि उन्हाळ्यातल्या खऱ्या पाण्याला लागते 41 किलो. म्हणजे दुप्पट माल पाण्यात, आणि तोही मासे आत असताना.

"शेजाऱ्यानं टाकली तेवढीच" टाकणं

शेजाऱ्याची माती वेगळी, पाणी वेगळं. आपला डोस आपल्या बादलीत काढायचा. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवा. 10 लिटरच्या पाच बादल्या तळ्याच्या पाण्यानं भरा. मेडिकलमधून 10 मिलीची सिरिंज आणा आणि पहिल्या बादलीत 10 मिली, दुसरीत 20, असं पाचवीपर्यंत 50 मिली सोडा. काठीनं हलक्या हातानं ढवळा आणि तासभर थांबा. मातीचे कापसासारखे पुंजके होऊन खाली बसायला लागतील. ज्या सगळ्यात कमी डोसच्या बादलीत पाणी निवळलं, तो तुमचा डोस. 30 मिलीच्या बादलीत निवळलं तर घनमीटरला 30 ग्रॅम. वेगळं गणित करायलाच लागत नाही.

आता मुख्य सावधगिरी. तुरटी आम्लधर्मी आहे, पाण्याचा सामू (पीएच) खाली ओढते. घाटावरच्या काळ्या दगडाच्या प्रदेशात पाणी बहुधा जड असतं, त्यातले चुन्याचे क्षार हा धक्का झेलतात. कोकणात जांभ्याच्या मातीत पाणी हलकं असतं, तिथे तोच डोस माशांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून निवळलेल्या बादलीत सामू मोजायची पट्टी बुडवा. सामू 6.5 च्या खाली गेला असेल तर तुरटीचा नाद सोडा आणि जिप्समची चाचणी घ्या.

जिप्सम सामू फारसा हलवत नाही, पण लागतं भरपूर. बादलीला 3 ग्रॅम म्हणजे घनमीटरला 300 ग्रॅम, 2,000 घनमीटरला 600 किलो, 50 किलोच्या 12 गोण्या. आणि कामही सावकाश, तासात नाही तर दिवसांत. चोपण जमिनीवाल्यांना जिप्सम नवीन नाही, शेतात टाकतातच.

खडे तसेच फेकणं

तुरटीचे खडे बुडतात आणि तळाशी जागच्या जागी विरघळतात. वरचं पाणी गढूळ ते गढूळच. ड्रममध्ये विरघळवा, फवारणी पंपानं किंवा मगानं सगळ्या तळ्यावर शिंपडा. सकाळी, वारा पडलेला असताना. वाऱ्याच्या लाटा पुंजके फोडतात आणि मेहनत वाया जाते.

चुना, कडबा, शेण

कळीचा चुना तळं कोरडं असताना टाकायचा, मासे असताना ढीग ओतायचा नाही. सामू एकदम चढला की पाण्यातला अमोनिया माशांना विषारी होतो. वाळलेलं गवत किंवा कडबा टाकून पाणी निवळतं हे खरं आहे. तो कुजताना मातीचे कण एकत्र येतात. पण कुजताना तो प्राणवायूही खातो, आणि उन्हाळ्याच्या पहाटे मासे वर येऊन तोंडं मारायला लागले की कडबा बाहेर काढायला वेळ मिळत नाही. शेणाचंही तेच.

निवळीच्या बिया मडक्याला आतून घासून पिण्याचं पाणी निवळायचे, नावच त्यावरून. मडक्यापुरतं छान आहे. दोन हजार घनमीटरसाठी निवळीचं बन लागेल.

काचेसारखं पाणी मागणं

मासे पाळायचे असतील तर तळ दिसणारं पाणी नको. ऊन थेट खाली पोहोचतं, पाणवनस्पती माजतात आणि बगळ्यांना मासे ताटात वाढल्यासारखे दिसतात. पत्र्याच्या 20 सेंटिमीटरच्या गोल झाकणाला चार भाग करून काळा-पांढरा रंग द्या, दोरीनं पाण्यात सोडा. 30 ते 40 सेंटिमीटरवर ते दिसेनासं व्हावं, पाण्याला हिरवट झाक असावी. झाकण नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवा. मनगट बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला, तर पाणी फार गढूळ.

तुरटी मातीबरोबर पाण्यातलं स्फुरदही (फॉस्फरस) खाली नेते, म्हणून निवळल्यावर काही दिवस पाणी हिरवं होत नाही. झाकण 60 सेंटिमीटरच्या खालीही दिसत राहिलं तर थोडं शेणखत आणि सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून द्या, थोडं थोडं. आणि माशांचं वजन बघायची कितीही घाई असली तरी पंधरा दिवस जाळं ओढू नका. खाली बसलेले पुंजके अजून सैल असतात, एका ओढीत सगळे पुन्हा वर येतात.