वायफाय कॅमेरा बसवताना या चुका टाळा: भिंतीला भोक पाडण्याआधी काय तपासायचं

डबा उघडल्याबरोबर शिडी लावायची, कॅमेरा कोपऱ्यात ठोकायचा आणि मग शिडीवर उभं राहून मोबाइलवर जोडणी करत बसायचं, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आधी कॅमेरा राउटरपासून पाच-सहा फुटांवर टेबलावर ठेवा. सोबत आलेला अडॅप्टर आणि सोबतचीच वायर वापरा, ॲपमध्ये जोडा आणि एक रात्र तसाच चालू ठेवा. टेबलावर चालला आणि भिंतीवर गेल्यावर बंद पडला, तर दोष बहुधा अंतराचा किंवा वीजपुरवठ्याचा असतो. टेबलावरच जोडला गेला नाही, तर आधी वायफायच्या सेटिंगवर संशय घ्या. खराब म्हणून दुकानात परत जाणारे कितीतरी कॅमेरे या एका चाचणीत घरीच चालू होतात.

जोडणी अर्ध्यावर अडकते

स्वस्त आणि मध्यम किमतीचे बहुतेक कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. फायबरवाल्यांनी दिलेले नवे राउटर २.४ आणि ५ अशी दोन्ही वायफाय एकाच नावाने चालवतात. मोबाइल ५ वर असतो, कॅमेरा २.४ शोधतो, आणि ॲप शंभर टक्क्यांच्या अलीकडे येऊन थांबतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा. सिमकार्डाच्या ५जीचा आणि या ५ गिगाहर्ट्झचा काही संबंध नाही. ५जी मोबाइल आहे म्हणून कॅमेरा ५ वर चालेल असं होत नाही.

तिथेच आणखी तीन गोष्टी बघून घ्या. वायफायच्या पासवर्डाची सुरक्षापद्धत (सिक्युरिटी) डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा. जुन्या बनावटीच्या कॅमेऱ्यांना डब्ल्यूपीए३ जमत नाही. चॅनल ‘ऑटो’वर असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून द्या आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वायफायचं नाव देवनागरीत असेल, त्यात इमोजी असेल किंवा पासवर्डात मोकळी जागा असेल, तर ते साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत बदला. बरेच कॅमेरे अशी चिन्हं नीट वाचत नाहीत आणि चूक पासवर्डाची आहे हेही सांगत नाहीत.

मोबाइलच्या बाजूने लोकेशन चालू हवं आणि ॲपला त्याची परवानगी हवी. जोडणी संपेपर्यंत मोबाइल डेटा आणि व्हीपीएन दोन्ही बंद ठेवा. काही कॅमेरे जोडणीसाठी स्वतःचंच वायफाय सोडतात. त्यावर इंटरनेट नसतं, म्हणून मोबाइल आपणहून डेटावर उडी मारतो आणि जोडणी तुटते. क्यूआर कोड दाखवायची पद्धत असेल तर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा, मोबाइल लेन्सपासून वीतभर अंतरावर धरा आणि हळूहळू मागे न्या. लेन्सवरची पातळ फिल्म काढली आहे का, हेही बघा.

तरीही जमलं नाही तर रीसेटचं बटण आवाज येईपर्यंत किंवा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा, साधारण पाच ते दहा सेकंद. नुसतं टोचून सोडल्याने रीसेट होत नाही. ‘हा कॅमेरा दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे’ असा संदेश आला, तर रीसेटनेही भागत नाही. ज्या मोबाइलवर तो आधी जोडला होता, त्या खात्यातूनच काढावा लागतो. दुकानदाराने चालवून दाखवलेल्या कॅमेऱ्यात हा प्रकार हमखास होतो. खरेदी करतानाच त्याच्या ॲपमधून कॅमेरा काढून घ्या.

माळवद, पत्रा आणि शटर

फायबरचा माणूस राउटर जिथून तार आत येते त्या कोपऱ्यात लावून जातो, आणि कॅमेरा हवा असतो दाराबाहेर. मधे दोन फुटी मातीची किंवा दगडाची भिंत असली, जशी आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत आणि जुन्या वाड्यांत असते, तर एका भिंतीतच सिग्नलचा जीव जातो. पत्रा त्याहून वाईट, कारण धातू सिग्नल अडवतो आणि परतवतो. मोंढ्यातल्या दुकानांत नेहमी दिसणारी अडचण याच कारणाची: दिवसभर कॅमेरा उत्तम चालतो, रात्री शटर ओढलं की ऑफलाइन. राउटर आत, कॅमेरा बाहेर, मधे सलग लोखंड.

म्हणून सिग्नल मोजायचा तो दारं-शटर लावून, आणि कॅमेरा जिथे बसणार नेमका तिथे. वायफाय मोजणारं कुठलंही फुकट ॲप चालेल. आकडा उणे असतो: उणे ६० चांगला, उणे ६७ पर्यंत चालतं, उणे ७५ च्या पलीकडे चित्र अडकणारच. मोबाइलचा अँटेना कॅमेऱ्यापेक्षा बरा असण्याची शक्यता असते, तेव्हा काठावरच्या आकड्यावर विसंबू नका.

रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारी डबी, कॅमेऱ्याच्या शेजारी लावणं ही दुसरी चूक. जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे, तिथे तो पुढे काय पाठवणार? त्याची जागा मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे. पण दगडी वाडा असेल किंवा घर आणि गोठा यांत मोठं अंतर असेल, तर रिपीटरवर पैसे घालूच नका. राउटरपासून कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढा आणि दुसऱ्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे तिथे नुसतं वायफाय सोडण्यासाठी, लावा. १०० मीटरपर्यंत ही केबल बिनतक्रार चालते. उघड्यावरून जाणार असेल तर बाहेर वापरायची काळ्या आवरणाची घ्या.

रात्रीच बंद पडतो, कारण वायर

दिवसा ठीक आणि अंधार पडला की दर दोन मिनिटांनी कॅमेरा नव्याने सुरू होतो, ही तक्रार आली की आधी वायरीची लांबी विचारावी. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला पाच मीटरची बारीक यूएसबी वायर लावली, आत २८ गेजची तार असली, तर जाता-येता मिळून तिचा रोध दोन ओहमच्या थोडा वर जातो. अर्धा ॲम्पिअर करंटला एक व्होल्ट वायरीतच संपतो. कॅमेऱ्यापर्यंत जेमतेम ४ व्होल्ट पोचतात. दहा मीटरला तोटा दुप्पट. मोठा अडॅप्टर लावून हे सुटत नाही, कारण अडचण वायरीत आहे.

उपाय साधा आहे: ५ व्होल्ट लांब नेऊ नका, २३० व्होल्ट न्या. कॅमेऱ्याजवळ पाण्यापासून सुरक्षित डबीत एक सॉकेट काढा आणि अडॅप्टर तिथेच बसवा. वायरमनकडूनच करून घ्या. ते शक्य नसेल तर १२ व्होल्टवर चालणारा कॅमेरा घ्या. तेवढ्याच कामाला तो कमी करंट घेतो, त्यामुळे लांब वायरीत तोटा कमी होतो. जुन्या मोबाइलचा चार्जर मात्र लावू नका. अडॅप्टरचे व्होल्ट कॅमेऱ्यावर लिहिल्याइतकेच हवेत, आणि ॲम्पिअर तेवढे किंवा त्याहून जास्त हवेत.

बल्बच्या होल्डरात बसणाऱ्या कॅमेऱ्याला वायर लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. पण घरातलं कुणीतरी सवयीने ओसरीवरचं बटण बंद करतं आणि कॅमेरा गेला. ते बटण चालू ठेवूनच त्यावर टेप चिकटवा किंवा होल्डरला थेट पुरवठा द्या.

लाईट गेल्यावर कॅमेरा इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या सॉकेटवर, अशी जोडणी अर्धवट असते. दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, किंवा राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस द्या. इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ मोडवर असेल तर लाईट जाता-येता क्षणभर खंड पडतो आणि राउटर पुन्हा चालू होण्यात दोन-तीन मिनिटं जातात. ‘यूपीएस’ मोडवर खंड कमी होतो. मात्र या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर येतो. रब्बीत मोटारी चालू असताना गावात व्होल्टेज बसतं. तिथे यूपीएस मोडमुळे बॅटरी विनाकारण संपते. आपल्या गल्लीतलं व्होल्टेज बघून ठरवा.

वळवाचा पाऊस आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की राउटर आणि कॅमेरा दोन्हींचे प्लग काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण विजेच्या तारेतून येते.

ऊन, काच आणि कोळी

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. कॅमेऱ्यांची मर्यादा डब्यावर ४५ किंवा ५० अंश लिहिलेली असते, आणि पत्र्याच्या खाली दुपारी हवा त्याहून तापते. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याला चिकटून कॅमेरा लावू नका. छज्ज्याच्या सावलीत, पत्र्यापासून फूटभर खाली लावा.

खिडकीच्या काचेमागे ठेवलेल्या कॅमेऱ्याला रात्री पांढरा धुरळा दिसतो, कारण त्याच्याच दिव्यांचा उजेड काचेवरून परततो. भिंत किंवा छज्जा अगदी जवळ असला तरी तेच. लेन्ससमोर कोळ्याचं जाळं असेल तर रात्रभर सूचनांचा मारा होतो. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. उंची आठ ते दहा फूट ठेवा. त्याहून वर गेलात तर डोक्यावरची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही.

आखाड्यावर वायफाय कॅमेरा घेऊ नका

बोअरची मोटार, स्टार्टर, केबल यांच्या राखणीसाठी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कॅमेरा लावायचा असेल तर सिमकार्डवाला ४जी कॅमेराच घ्या. जुन्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून वायफाय कॅमेरा चालवण्याचा खटाटोप चार दिवस टिकतो. फोन तापतो किंवा हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. थेट चित्र २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) बघितलं तर तासाला ०.९ जीबी डेटा जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीचं काम पावणेदोन तासांच्या आत संपतं. रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर ठेवा आणि सूचना आली तरच चित्र उघडा.

सोलरवर चालणारे कॅमेरे बहुधा झोपलेले असतात आणि अंगाची उष्णता हलताना ओळखून जागे होतात. उन्हाळ्यात भर दुपारी हवा अंगाइतकीच तापते, तेव्हा ही ओळख कच्ची पडते. दुपारी माणूस गेला आणि सूचना आली नाही, तर त्यामागे हे कारण असू शकतं. पॅनलचं तोंड दक्षिणेला करा, कल साधारण २० अंशांचा ठेवा, आणि धूळ पुसत जा.

कार्ड भरलं म्हणजे रेकॉर्डिंग झालं असं नाही

मोबाइलचं साधं मेमरी कार्ड चोवीस तासांच्या लिखाणाने लवकर झिजतं. डब्यावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या, कॅमेऱ्याची कमाल क्षमता बघून घ्या, आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. २ एमबीपीएसने दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. १२८ जीबीच्या कार्डावर सहा दिवसांच्या आत जुनं पुसलं जाऊ लागतं. एच.२६५ ही चित्रण कमी जागेत बसवणारी पद्धत निवडून १ एमबीपीएसवर आणलं तर मुदत दुप्पट होते. टाइमझोन ५:३० चा आहे का ते पहिल्याच दिवशी बघा; चुकीची वेळ छापलेलं चित्रण पोलिसांपुढे ठेवताना शंका उभ्या करतं. महिन्यातून एकदा कालचं रेकॉर्डिंग उघडून चालवा.

पासवर्ड वेगळा आणि लांब ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. घरच्यांना बघायचं असेल तर ॲपमधल्या ‘शेअर’मधून द्या, आपलाच पासवर्ड वाटू नका. बसवायला आलेल्या माणसाने त्याच्या मोबाइलवर जोडणी केली असेल तर तो जाण्याआधी कॅमेरा त्याच्या खात्यातून काढायला लावा आणि आपल्या खात्यात नव्याने जोडा. नाहीतर घरातलं चित्र त्याच्याकडेही दिसत राहील.