सुपरचार्जरच्या गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवताना

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हटलं की बहुतेकांना तो 'सुस्स' आवाज आठवतो. आवाजासाठी बसवणार असाल तर निराश व्हाल. सुपरचार्जरच्या गाडीत त्याचं काम निराळं आहे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप. तो बेल्टने इंजिनाच्या क्रँकला बांधलेला असतो, म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात फिरतच राहतो. पुढे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप, बंद, मागून हवा चालूच. कोंडलेली हवा सुपरचार्जरच्या इंपेलरवर (पंख्यावर) उलटते, होजचे जोड निसटतात, बेल्टही घसरतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या हवेला वाट करून देतो.

आधी बॉनेट उघडून थ्रॉटल कुठे आहे ते बघा. आर53 मिनी कूपर एसमध्ये ईटनचा एम45 सुपरचार्जर आहे आणि थ्रॉटल त्याच्या आधी. हेच काम करणारा बायपास व्हॉल्व्ह कंपनीनेच दिलाय. तिथे आणखी एक लावणं म्हणजे पैसे पाण्यात. व्हॉर्टेक, प्रोचार्जर, रोट्रेक्स अशा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरला, जिथे थ्रॉटल नंतर येतं, तिथे मात्र व्हॉल्व्ह हवाच.

मग एअर-फ्लो मीटर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर, शोधा. तो सुपरचार्जरच्या आधी असेल तर व्हॉल्व्हची हवा बाहेर सोडू नका. कॉम्प्युटरने ती मोजून तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडलेलं असतं. हवा निघून गेली की मिक्स्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, काळा धूर येतो, सिग्नलला गाडी बंद पडते. हवा होजने मीटर आणि सुपरचार्जर यांच्या मधल्या पाइपात परत न्या. मीटर सुपरचार्जरच्या नंतर असेल आणि व्हॉल्व्ह मीटरच्या आधी बसवला, किंवा गाडी मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालत असेल, तर हवा बाहेर सोडलेली चालते. मग व्हॉल्व्हच्या तोंडाला छोटा फिल्टर लावा. कारण पुढे कळेल.

व्हॉल्व्हची जागा इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) पुढे, थ्रॉटलच्या जमेल तितकी जवळ. ॲल्युमिनियमचा पाइप गाडीतून काढूनच भोक पाडा. एका मित्राने पाइप जागेवर ठेवून ड्रिल मारला आणि नंतर अर्धा दिवस चिमट्याने कीस वेचत बसला. भोक फ्लँजच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या कड्याच्या, आतल्या व्यासाएवढं, कमी नाही. व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग बाजूला ठेवून आर्गॉन वेल्डिंग करून घ्या. उष्णतेने फ्लँज वाकते, म्हणून काचेवर पॉलिश पेपर ठेवून तिचं तोंड सपाट घासा आणि पाइप आतून धुवा.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ते काम: व्हॅक्यूम होज, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी इंजिनाची ओढ त्याच्यापर्यंत नेणारी नळी. ओढीचा हा सिग्नल थ्रॉटलच्या पुढच्या, इंजिनाकडच्या मॅनिफोल्डमधूनच घ्या. थ्रॉटलआधीच्या पाइपातून घेतला तर व्हॉल्व्हला व्हॅक्यूम कधी मिळणारच नाही. होज स्वतंत्र आणि आखूड ठेवा. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीला टी मारून आम्ही एकदा वेळ वाचवला. व्हॉल्व्ह इतका उशिरा उघडायचा की पाय उचलला की पाइपात कबुतर फडफडावं तसा आवाज. वेगळी होज टाकली आणि फडफड गेली.

व्हॉल्व्हची स्प्रिंग निवडायच्या आधी इंजिन गरम करून आयडलचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतानाचा) व्हॅक्यूम गेजवर बघा. धडधाकट इंजिन साधारण 18 ते 20 इंच पारा दाखवतं. टर्बोवाले आयडलला व्हॉल्व्ह बंद ठेवतात. सुपरचार्जरला तो आयडलला आणि निवांत चालवताना उघडा हवा, बूस्ट (सुपरचार्जरचा हवेचा दाब) आल्यावर बंद. उघडा राहतो म्हणून तो बाहेरची धूळही ओढू शकतो, म्हणून तो फिल्टर. स्प्रिंग फार मऊ घेऊ नका, अर्ध्या थ्रॉटलवर हवा गळेल.

बसवण्याआधी हातपंपाने निपलला व्हॅक्यूम द्या, व्हॉल्व्हमधला पिस्टन सहज उचलला पाहिजे. बसवल्यावर जोडांवर साबणाचं पाणी सोडून थोडी दाबाची हवा भरा, बुडबुडे कुठे येतात ते बघा. मग मोकळ्या ठिकाणी पूर्ण बूस्टची नोंद घ्या. आधीपेक्षा कमी दिसला तर व्हॉल्व्ह गळतोय किंवा सिग्नलची नळी फाटलीय.

'मोकळ्या ठिकाणी' मुद्दाम म्हणतोय. भारतात सुपरचार्जरचं किटच मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या (गाडीत फेरफार करण्यावरच्या कलमाच्या) कचाट्यात येऊ शकतं. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला उतरणाऱ्यांनीही गाडी तिथवर ट्रेलरवर न्यावी हे बरं.