लिटरचे मिलिलिटर करताना या चुका टाळा

खानापूरकडे आमच्या गावात दूध घालायला सकाळी रांग लागते. मध्यंतरी शेजारच्या काकू कार्ड हातात घेऊन तावातावाने घरी आल्या. "साडेपाच लिटर घातलं की रे, आणि पाच लिटर पन्नासच मांडलंय बघ!" कार्डावर होतं ५.५०. म्हणजे साडेपाचच, नोंद बरोबर होती.

चूक काकूंची म्हणू नये. आपल्याला सवय रुपयांची. ५.५० म्हणजे पाच रुपये पन्नास पैसे, कारण रुपयाचे पैसे १००. लिटरचे मिलिलिटर मात्र १०००. म्हणून पॉइंटनंतर तीन आकडे लिहायची सवय लावा: साडेपाच लिटर ५.५००, पाच लिटर पन्नास मिलिलिटर ५.०५०. दोन्हींत ४५० मिलिलिटरचा फरक, जवळजवळ अर्धा लिटर दूध! मुलांना तर पाव २५०, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, अडीच २५०० हे तोंडपाठच करून घ्या. शाळेतल्या कोष्टकापेक्षा ते लवकर डोक्यात बसतं.

फवारणीत हीच चूक पिकावर येते. कडोली भागात कोबीवर मारायचं औषध लिटरला ०.५ मिलिलिटर सांगितलं असेल, तर १६ लिटरच्या पंपाला ८ मिलिलिटर लागतं. पॉइंट नजरेतून सुटला की ८० पडतं, दहापट! बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतू नका, टोपणं लहानमोठी असतात. मापाचा कप किंवा बिनसुईची सिरिंज फक्त औषधासाठी वेगळी ठेवा. तिच्यावरचं 'सीसी' बघून गोंधळू नका, १ सीसी म्हणजे १ मिलिलिटरच.

तेलाच्या पिशवीवर १ लिटर असेल तर आत किलोभर तेल नसतं, साधारण ९१० ग्रॅम भरतं. भाव विचारताना किलोचा की लिटरचा, ते आधी विचारा.

पाण्याच्या टाकीत लोक हमखास फसतात. मीटरचे सेंटीमीटर १०० म्हणून एक घनमीटर पाणी १०० लिटर धरतात. ते १००० लिटर असतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणा आणि १००० ने भागा. १५० × १२० × १०० ची टाकी १८०० लिटरची. टाकी गोल असेल तर तोंडाची रुंदी मोजून आधी निम्मी करा, त्या आकड्याचा वर्ग करून ३.१४ ने आणि उंचीने गुणा, मग १००० ने भागा. निम्मी करायला विसरलात तर उत्तर चौपट येतं.