फ्रान्सच्या खेड्यांतून मित्रांसोबत पायी जाताय? या चुका टाळा

स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा फ्रान्समधला ल पुई ते काँक हा टप्पा साधारण २०० किलोमीटरचा. युरोपात चालायला जाणाऱ्या मराठी ग्रुपमध्येही त्याचं नाव आता निघू लागलंय. वाट सोपी आहे, खुणा जागोजागी आहेत. तरी ग्रुपचा विचका होतो, तो बहुतेक वेळा चालण्यामुळे नाही, तर गावाचं घड्याळ न ओळखल्यामुळे.

सह्याद्रीत पायथ्याच्या गावात अवेळी पोचलं तरी कुणीतरी पिठलं-भाकरी टाकून देतं. इथे तसं नाही. दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही दुकानाला कुलूप, बेकरीचा सुट्टीचा वार गावागणिक वेगळा. त्यामुळे पाव, चीज आणि फळं आदल्या संध्याकाळीच पिशवीत हवीत. रात्रीचं जेवण जीतमध्ये, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामघरात, सात-साडेसातला सगळ्यांचं एकत्र. उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करा. न कळवता आठला उगवणाऱ्या ग्रुपवर मालकीणबाई चिडल्या, तर चूक त्यांची नाही.

बुकिंगमध्ये दुसरा घोटाळा. आपली सुट्टी मे महिन्यात, आणि फ्रेंचांच्या १ मे, ८ मे आणि असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारी जोडून येणाऱ्या सुट्ट्याही बऱ्याचदा त्याच महिन्यात. मेच्या अखेरीस वाटेतल्या ओब्राक पठारावर गुरं वर चारायला नेण्याचा उत्सव असतो, तेव्हा आसपासच्या गावांत खाट मिळणं कठीण. मुक्कामघरं छोटी, काहींत तर पंधरा-वीसच खाटा. दहा जणांनी एकाच छताखाली राहायचा हट्ट धरला, तर सगळा कार्यक्रम एका घराच्या होकारावर अडकतो. दोन घरांत विभागून राहा. शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतोच, म्हणून हे काम आधी उरका.

अंतर बघून दिवस आखू नका. पहिल्या दिवशी सँ-प्रिव्हापर्यंत सुमारे २४ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी सोगपर्यंत १९. आकडा बघून सगळे खूश होतात. पण दुसऱ्या दिवशी मोनिस्त्रोलला आलिए नदीपर्यंत खोल उतरायचं आणि लगेच समोरचा चढ चढायचा. गुडघे इथेच बोलू लागतात. काठ्या आणा, आणि बूट घरी आधी चालून मुरवा.

चुकामूक झाली तर? पांढरा-लाल पट्टा म्हणजे बरोबर वाट, त्याच रंगांची फुली म्हणजे इकडे नको. पिवळा पट्टा स्थानिक फेरीचा असतो, तो धरून अर्धा ग्रुप भलत्याच गावी जातो. दहा-पंधरा मिनिटं खूण दिसली नाही तर गप्पा थांबवून मागे फिरा. गप्पाच बहुतेकदा कारणीभूत असतात. पुढे गेलेल्यांनी प्रत्येक फाट्यावर शेवटच्या माणसासाठी थांबायचं, आणि नकाशा एकाच्या नाही, प्रत्येकाच्या फोनमध्ये ऑफलाइन ठेवायचा. ओब्राकवर धुकं उतरलं की हा नियम आठवेल. मे महिन्यातही तिथे बोचरा वारा असतो, टोपी-जॅकेट पिशवीत वरच ठेवा.

शाकाहारींनी नुसतं 'शाकाहारी' म्हणून थांबू नये. सॅलडमध्ये, अगदी ल पुईच्या प्रसिद्ध हिरव्या मसुरीतही, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. बुकिंग करतानाच मांस नको, मासे नकोत, लार्दों (म्हणजे हेच तुकडे) नकोत असं लिहून कळवा. बटाटा आणि ताज्या चीजचं तारा सुटणारं आलिगो मात्र मजेत खा, फक्त सोबतचं सॉसेज नको म्हणून सांगा.

बाकी किरकोळ: लहान मुक्कामघरांत कार्ड चालेलच असं नाही, रोख युरो जवळ ठेवा. 'नों पोताब्ल' लिहिलेल्या नळाचं पाणी पिऊ नका. गादीवर अंथरायला पातळ चादरीची पिशवी न्या.

कुणाचा पाय मुरगळला तर शौर्य नको. सामान पुढच्या मुक्कामी नेणाऱ्या गाड्या बऱ्याचदा माणसांनाही घेतात, आणि मोनिस्त्रोलला रेल्वे स्टेशन आहे, गाड्या मोजक्याच. काँकला रेल्वे नाही, म्हणून परतीची गाडी घरून निघण्याआधीच ठरवा.