बाळाचे पहिले शब्द: घरच्यांनी काय ऐकावे, काय बोलावे आणि नोंद कशी ठेवावी

बाळाचा पहिला शब्द नेमका कोणता, हे ठरवताना बहुतेक घरांत मतभेद होतात. सहा-सात महिन्यांचे मूल 'बाबाबा', 'मामामा' असा सूर लावते आणि घरातले सगळे हरखून जातात. पण ती बडबड असते, तिच्यामागे अजून अर्थ आलेला नसतो. प, ब, म हे आवाज ओठ मिटून उघडले की सहज निघतात, म्हणून ते आधी ऐकू येतात. शब्द तेव्हा मोजावा, जेव्हा मूल तोच आवाज त्याच वस्तूसाठी, माणसासाठी किंवा कृतीसाठी, कोणी 'म्हण बरं' असे न सांगता, वेगवेगळ्या वेळी वापरू लागते. उच्चार शुद्ध असण्याची अट नाही. जेवणाला 'मम्मम', बाहेर जाण्याला 'भुर्र', कुत्र्याला 'भूभू' आणि गाईला 'हम्मा' म्हणणाऱ्या मुलाच्या खात्यात चार शब्द जमा झालेले असतात. 'हे काय खरे शब्द आहेत का' असे म्हणून ते बाजूला सारू नयेत.

बोलण्याच्या आधी समज येते, आणि बऱ्याच आधी येते. वर्षाच्या आसपास मूल 'नको' ऐकून क्षणभर थबकते, 'टाटा कर' म्हटले की हात हलवते, 'बाप्पा कुठे आहे' असे विचारले की देव्हाऱ्याकडे वळून पाहते. यांतले काहीच तोंडाने उच्चारलेले नसते, तरी भाषेची पायाभरणी इथेच होते. बोटाने दाखवणे ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची खूण आहे. साधारण पंधराव्या महिन्यापर्यंत मूल हवी ती वस्तू बोटाने मागते आणि अठराव्या महिन्यापर्यंत केवळ आपल्यालाही दिसावे म्हणून आकाशातले विमान किंवा खिडकीतला कावळा दाखवते. या दुसऱ्या बोट दाखवण्यात मागणी काहीच नसते, फक्त 'बघ ना' एवढेच असते. घरच्यांनी शब्दांपेक्षाही त्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला ठामपणे वाटते, कारण संवाद करायची इच्छा तिथे स्पष्ट दिसते.

वयाचे टप्पे कसे वाचावेत

अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली आणि प्रत्येक वयाला, त्या वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना जमतात, अशाच गोष्टी ठेवल्या. त्या यादीनुसार पंधराव्या महिन्यात आई-बाबांखेरीज एखाददुसरा शब्द, अठराव्या महिन्यात तीन किंवा अधिक शब्द, दोन वर्षांचे होताना दोन शब्द जोडून बोलणे आणि अडीच वर्षांपर्यंत सुमारे ५० शब्द अपेक्षित आहेत. हा खालचा उंबरठा आहे, सरासरी नव्हे. अनेक मुले याच्या पुष्कळ पुढे असतात, आणि दोन वर्षे पूर्ण होऊनही ५० शब्द झाले नाहीत किंवा दोन शब्दांची जोडी येत नाही, तर वाचातज्ज्ञ तपासणी सुचवतात. मूल वेळेआधी जन्मलेले असेल तर पहिली दोन वर्षे वय मोजताना प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी आलेल्या बाळाला पूर्ण दिवसांच्या बाळाचे माप लावणे अन्यायाचे आहे.

चालण्याबाबतही असाच मोठा पट्टा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आधाराशिवाय चालण्याचा काळ सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. शेजारच्या मुलीने दहाव्या महिन्यात पाऊल टाकले आणि आपला मुलगा चौदाव्यातही भिंत धरून चालतो, एवढ्याने काळजी करू नये. दीड वर्षाच्या आसपास मूल बाही चढवताना हात पुढे करते, धुण्यासाठी दोन्ही हात समोर धरते, उघड्या पेल्यातून थोडेफार सांडत पाणी पिते आणि चमचा तोंडापर्यंत नेऊ पाहते. उष्टावण, जावळ, बोरन्हाण यांचे फोटो आपण हौसेने काढतो आणि तसे ते काढावेतच. पण बाहीत स्वतःहून घातलेला हात हाही तितकाच मोलाचा टप्पा आहे आणि त्याची तारीख कोणाच्याही लक्षात राहत नाही.

रोजच्या कामांत बोलणे कसे आणावे

वेगळा 'शिकवण्याचा तास' काढण्याची गरज नसते. आंघोळ, जेवण, कपडे, संध्याकाळचा फेरफटका ही कामे रोज त्याच क्रमाने होतात, त्यामुळे पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते आणि ठाऊक असलेल्या जागी शब्द लवकर बसतो. आंघोळीचेच पाहा. तांब्यातले पाणी पायावर सोडताना 'पाणी आलं, पाणी गरम आहे' असे म्हणावे, मग तांब्या पुन्हा भरून वर धरावा आणि ओतण्याआधी थांबावे. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. ते पाय आपटेल, 'आ' करेल, तांब्याकडे हात नेईल किंवा एखाद्या दिवशी 'पा' म्हणेल; यांतले काहीही आले की ते उत्तर समजून लगेच 'हो, पाणी! घे पाणी' म्हणत ओतावे. मोठ्या माणसांना ही शांतता फार लांब वाटते आणि आपण ती स्वतःच भरून काढतो. मुलाला मात्र ऐकलेले समजून घ्यायला, उत्तर जुळवायला आणि ते ओठांपर्यंत आणायला हा वेळ लागतोच. साऱ्या सूचनांमधली एकच पाळता येणार असेल, तर हीच पाळावी: बोलून झाल्यावर थांबावे.

जेवताना पर्याय द्यावा. 'केळं हवं की चिकू?' असे विचारून दोन्ही फळे दोन हातांत धरली की बोट दाखवूनही उत्तर देता येते आणि ऐकलेले नाव परत म्हणायची संधीही मिळते. 'खातोस का?' या प्रश्नाला मान हलवली की काम संपते, म्हणून असे प्रश्न थोडे कमी करावेत. चिऊचा घास, काऊचा घास करत भरवण्याची आपली पद्धत उत्तम आहे, कारण तिच्यात तीच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते आणि फक्त एक शब्द बदलतो. तीन-चार दिवस तेच म्हटल्यावर 'हा घास...' एवढे म्हणून थांबावे आणि पुढचा शब्द मुलावर सोडावा. बडबडगीतांतही शेवटचा शब्द असाच मोकळा ठेवता येतो. चादरीआड तोंड लपवून 'कुठे गेलं बाळ?' असे विचारणे आणि मग 'भॉक!' करणे या खेळात तर एकाने बोलायचे, दुसऱ्याने वाट पाहायची, हा संवादाचा सगळा नियम आलेला असतो.

मूल एक शब्द बोलले की त्यात एक-दोन शब्द घालून परत द्यावा. ते 'गाडी' म्हणाले, तर 'हो, लाल गाडी आली'; 'पडलं' म्हणाले, तर 'चेंडू पडला'. उच्चार चुकला तर चूक दाखवू नये, बरोबर उच्चार आपल्या वाक्यात ऐकवावा. र, ळ, श हे आवाज बहुतेक मुलांना उशिरा साधतात, त्यामुळे 'पोळी'ची 'पोयी' आणि 'रस्ता'चा 'लत्ता' होणे या वयात स्वाभाविक आहे. आपण मात्र लाडाने 'पोयी' म्हणत राहू नये. मुलाच्या कानावर 'पोळी'च पडावी. काही मुले प्रत्येक पुरुषाला 'काका' आणि प्रत्येक चार पायांच्या प्राण्याला 'भूभू' म्हणतात. जवळ शब्द थोडे आणि सांगण्यासारखे पुष्कळ, म्हणून असे होते. 'ही म्हैस आहे, केवढी काळी आहे ना' एवढे म्हणून पुढे जावे. दोन-अडीच वर्षांचा मुलगा दिवसभर आई-आजीच्या सहवासात असेल तर 'मी येते', 'मी खाते' असेही म्हणतो आणि बाबांच्या मागे फिरणारी मुलगी 'मी जातो' म्हणते. त्याला हसू नये. मुलाशी बोलताना 'तू आलास', 'तू खाल्लंस' आणि मुलीशी 'तू आलीस' असे नेमके बोलत राहिले की हे आपोआप सुटते.

आजी-आजोबा घरात असतील तर मुलाचे भाग्यच म्हणावे, कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि तीच गोष्ट विसाव्यांदा सांगण्याचा उत्साहही असतो. एक सवय मात्र सगळ्यांनी मिळून सोडावी. पाहुणे आले की 'आत्याला म्हणून दाखव', 'डोळे कुठेत दाखव', असा आग्रह सुरू होतो. मूल गप्प होते आणि सगळे 'आत्ता तर म्हणत होता' असे सांगत बसतात. अशा आग्रहाने मुलाला बोलण्याचे ओझे वाटू लागते. त्याऐवजी आत्यानेच जमिनीवर बसून मुलाच्या हातातल्या डब्याचे झाकण लावावे-काढावे. शब्द यायचे असतील तर तिथे येतील.

घरात मराठी, सांभाळणाऱ्या ताईंची हिंदी आणि पाळणाघरातली इंग्रजी असे असले तरी मूल गोंधळत नाही. दोन-तीन भाषांमुळे वाचादोष निर्माण होत नाही; मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजावेत, 'पाणी' आणि 'वॉटर' दोन्ही धरावेत. बंगळूर, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आई-वडिलांना 'घरी इंग्रजीच बोला' असा सल्ला अनेकदा मिळतो, तो मानण्याचे कारण नाही. ज्या भाषेत आपण सहज रागावतो, लाड करतो आणि गोष्ट सांगतो, तीच मुलाशी बोलावी.

पडद्याबाबत मात्र नियम स्पष्ट ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार या वयात ही वेळ तासाच्या आत ठेवावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा टाळायला सांगते. मोबाइल समोर ठेवून घास भरवला की पोट भरते, पण त्या वेळात होऊ शकणारी सगळी बोलाचाली बुडते. मोबाइल मुलाच्या बोलण्याला थांबून उत्तर देत नाही, हीच त्यातली खरी उणीव आहे. दूर असलेल्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलणे वेगळे, कारण तिथे समोर जिवंत माणूस उत्तर देत असतो.

वहीत काय लिहावे

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि ती स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या हाताशी ठेवावी. प्रत्येक शब्दापुढे तारीख, मुलाने केलेला उच्चार जसाच्या तसा, त्याचा अर्थ आणि प्रसंग लिहावा. 'काक म्हणजे काकडी. आजी कोशिंबिरीसाठी चिरत होती तेव्हा, न विचारता' अशी नोंद नुसत्या 'काकडी म्हणाला' यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. तोच 'काक' चार दिवसांनी कावळ्यासाठी आला, तर तेही लिहावे. देवनागरीत बहुतेक उच्चार जसे ऐकू येतात तसे उतरवता येतात, या सोयीचा पुरेपूर फायदा घ्यावा. शब्दांखेरीज समजलेल्या सूचना, खाणाखुणा आणि दोन शब्दांच्या जोड्या लिहाव्यात: 'दूदू संपलं', 'बाबा भुर्र', 'अजून दे'. 'संपलं', 'गेलं', 'नको' हे शब्द वस्तूंच्या नावांपेक्षा मोठी कामे करतात, म्हणून त्यांची नोंद चुकवू नये. महिन्यातून एकदा दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रणही करावे आणि ते घरातच ठेवावे.

थांबू नये अशी वेळ

नावाने हाक मारल्यावर वर्षाचे मूल वळत नाही, बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा टाटा-बोट दाखवणे यांसारख्या खुणा नाहीत, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडी नाही, किंवा आलेले शब्द आणि हसून पाहणे कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. 'याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले', 'मुलगे उशिराच बोलतात' या वाक्यांनी अनेक घरांत मोलाचे महिने गेलेले आहेत. उशिरा बोलणारी काही मुले पुढे सगळ्यांच्या बरोबर येतात हे खरे. पण आपले मूल त्यांतलेच आहे की नाही, हे घरी बसून ओळखता येत नाही.

पहिली तपासणी श्रवणाची असावी. जन्मानंतर केलेली चाचणी व्यवस्थित आली असली तरी नंतर वारंवार कान फुटणे, कानात पाणी साठणे किंवा एखादा आजार यांमुळे ऐकू येणे कमी होऊ शकते. दार आपटल्यावर मूल दचकते, एवढ्यावरून त्याला बोलणे नीट ऐकू येते असे ठरत नाही. जिभेखालचा पडदा हे शब्द न येण्याचे कारण नसते, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तो कापून घेऊ नये. वेखंड उगाळून चाटवल्याने वाचा फुटते, या समजावर वेळ घालवू नये, आणि त्यासोबत मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

सरकारी व्यवस्थेत अंगणवाडीतले माता व बाल संरक्षण कार्ड, २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली मुलांची तपासणी करणारी पथके आणि जिल्ह्याच्या ठिकाणची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार सुरू करणारी केंद्रे, हा मार्ग आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि वाचा या दोन्हींची तपासणी होते. सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यातल्या लसीकरणाच्या भेटीत हा विषय आपणहून काढावा, कारण त्या गर्दीत तो कोणी विचारेलच असे नाही. जाताना वही आणि ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. तपासणीच्या खोलीत मूल बहुधा तोंड उघडत नाही. तेव्हा तज्ज्ञांना त्याचे बोलणे कळते ते आपण लिहिलेल्या तारखा, उच्चार आणि प्रसंग यांवरून. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, तरी आंघोळीच्या वेळचे थांबणे आणि घासाबरोबरचे बोलणे तोवर रोज चालू ठेवावे आणि त्या दिवसांच्या नोंदीही वहीत करत राहाव्यात.