कोविडच्या पेशंटचं फुफ्फुस कोलॅप्स होतं तेव्हा: या चुका टाळा

ऑक्सिजन अचानक खाली आला की 'न्यूमोनिया वाढला असेल' असं धरून बसणं, ही सगळ्यात मोठी चूक. न्यूमोनिया सहसा तासातासानं, दिवसादिवसानं वाढतो. पण आत्तापर्यंत ठीक बोलणारा माणूस एकदम धापा टाकायला लागला, जोरात खोकल्यावर छातीच्या एकाच बाजूला कळ आली आणि सॅच्युरेशन धाडकन पडलं तर लगेच नर्सला बोलवा आणि हे सगळं कधी सुरू झालं ते नीट सांगा. रक्ताची गुठळी असू शकते तशी फुफ्फुसातून हवा लीक झालेली पण असू शकते, आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

होतं काय, तर आजारानं सुजलेले हवेचे बारीक फुगे फुटतात, हवा फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये शिरते आणि फुफ्फुस आकसतं, याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. कधी हवा छातीच्या मधल्या भागात जाते आणि तिथून मानेत, चेहऱ्यावर कातडीखाली चढते. मग मान सुजते, दाबलं की बोटाखाली करकर लागते. ही सूज औषधाची ॲलर्जी समजून सोडून देऊ नका प्लीज, लगेच दाखवा.

'व्हेंटिलेटर नाहीये ना, मग असलं काही होणार नाही' हा पण गैरसमजच. ॲडमिट झालेल्या कोविड पेशंटमध्ये शंभरात साधारण एकाला हे होतं, त्यात साध्या ऑक्सिजनवरचे लोकही असतात, नुसत्या खोकल्यानंही होऊ शकतं. व्हेंटिलेटरवर मात्र धोका कितीतरी पटीनं जास्त, पहिल्या लाटेतल्या काही रिपोर्टमध्ये शंभरात दहा-पंधरा जणांना झालेलं.

स्टाफसाठी दोन गोष्टी. सॅच्युरेशन पडलं म्हणून न तपासता बायपॅपचं (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) प्रेशर वाढवत नेलं तर लीक अजून वाढू शकतो. आणि टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटर दर श्वासाला देतो तेवढी हवा) पेशंटच्या खऱ्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर धरायचा, किलोला साधारण ६ मिली, प्लॅटो प्रेशर (श्वास आत भरून क्षणभर थांबल्यावरचा फुफ्फुसातला दाब) ३० सेंमी पाण्याच्या आत. एवढं सांभाळूनही लीक होतोच काहींना, त्यामुळे झाला म्हणजे कुणीतरी हलगर्जीपणा केला असं नातेवाईकांनी लगेच ठरवू नये. झोपवून काढलेल्या एक्स-रेत थोडी हवा दिसत नाही, शंका असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी. पण बीपी पडत असेल, मानेच्या शिरा फुगल्या असतील तर एक्स-रेची वाट बघायचीच नाही, सुई घालून हवा आधी काढायची.

आता हवा बाहेर काढायला छातीत घातलेली नळी आणि तिला जोडलेली पाण्याची बाटली, इथं सगळ्यात जास्त गडबड होते. बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी, बेडवर ठेवायची नाही, पेशंटला हलवताना उचलून वर धरायची नाही, नाहीतर पाणी उलटं छातीकडे जाऊ शकतं. बुडबुडे येतायत म्हणजे हवा अजून निघतेय, अशी नळी सीटीला नेताना पण क्लॅम्प करायची (चिमटा लावून बंद करायची) नाही, कारण हवा आत कोंडते आणि माणूस मिनिटांत सिरीयस होतो. पाणी श्वासाबरोबर वरखाली होत असेल तर नळी चालू आहे. ते अचानक थांबलं तर फुफ्फुस उघडलंय असं मानून खूश व्हायच्या आधी नळी कुठे दुमडलीय का, पेशंट तिच्यावर झोपलाय का ते बघा, पालथं झोपवल्यावर तर हमखास बघा. नातेवाईकांनी नळी ओढणं, टेप सोडवणं काहीही करू नये.

लीक आठवडाभर थांबला नाही तरी घाबरून नळी काढा म्हणून मागे लागू नका, सर्जन किंवा छातीच्या डॉक्टरांचं मत मागा, पुढचे उपाय असतात.

डिस्चार्जनंतर सिगरेट बंद म्हणजे बंद. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडल्यावरही विमानासाठी निदान ७ दिवस थांबा आणि डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा, स्कूबा डायव्हिंग तर विसराच. फुंकायचे, ओढायचे श्वासाचे व्यायाम मनानं सुरू करू नका. घरी परत तशीच एका बाजूची कळ आली, दम लागला तर ओपीडीची तारीख बघत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत जा आणि आधी नळी घातली होती हे दारातच सांगा.