आल्प्समधलं धरण पायी बघायचं तर: ग्रांद दिक्सांस

मे महिन्याची सुट्टी बघून तिकीट काढू नका. स्वित्झर्लंडमधलं ग्रांद दिक्सांस हिमनद्यांच्या पाण्यावर भरतं. हिवाळाभर वीज तयार करून एप्रिल-मेपर्यंत तलाव तळाला जातो. आपलं राधानगरी जुलै-ऑगस्टमध्ये भरतं, हा तलाव सप्टेंबरच्या अखेरीस. भरला की ४० कोटी घनमीटर, म्हणजे १४ टीएमसी. त्यामुळं सप्टेंबरच धरा.

सियों स्टेशनवरून पोस्टाची पिवळी बस धरणाच्या पायथ्याशी, ल शार्जरला जाते. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसच्या वेळेचा फोटो काढा. समोर २८५ मीटर उंच काँक्रीटची भिंत दिसते, १९६१ साली पूर्ण झालेली. माथा २,३६५ मीटरवर. रोपवे आहे, पण चालत जा: सव्वादोनशे मीटरचा चढ, पाऊण ते एक तास. हवा कोल्हापूरपेक्षा साधारण एक पंचमांश विरळ असते. जोतिबाचा डोंगर एका दमात चढणाऱ्यालाही इथं धाप लागते. म्हणून बोलता येईल इतक्याच वेगानं चाला.

माथ्यावरून तलावाच्या पश्चिम काठानं रुंद, जवळजवळ सपाट वाट जाते. मध्ये बोगदे आहेत, टॉर्च हाताशी असू द्या. दुसरं टोक पाचेक किलोमीटरवर. पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. आपण दीडपट वेळ धरावी. पिवळी खूण साध्या वाटेची. पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाटेचा, तिथं घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागं फिरा.

दुपारी गडगडाट होतो, म्हणून सकाळीच निघा. ओढेसुद्धा सकाळीच ओलांडा: उन्हानं बर्फ वितळून दुपारनंतर त्यांचं पाणी चढतं. रेनकोट, लोकरी टोपी, गॉगल, माणशी दीड लिटर पाणी घ्या. खायला भडंग, चिक्की, शेंगदाण्याची चटणी. पेढे, तूप, दुधातल्या दशम्या घरीच ठेवा. दुधा-मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ देत नाहीत.

अडचण आली तर १४४ लावा. रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

धरणाखालच्या नदीपात्रात मात्र फोटोसाठीही उतरू नका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचं पाणी कसं वाढतं ते आपण बघतोच. ग्रांद दिक्सांसखाली तर निरभ्र उन्हातही पाणी अचानक सोडलं जातं, आणि तशा पाट्या काठावर लावलेल्या असतात.